डॉ. हाफकिन

रोगराईशी मानवाचे चाललेले युद्ध फार प्राचीन आहे. या युद्धात रणवाद्ये वाजत नाहीत, ध्वज फडकत नाहीत आणि विजयी वीरांच्या मिरवणुकीही सहसा निघत नाहीत. प्रयोगशाळेच्या चार भिंतींआड सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून बसलेला संशोधक हाच या युद्धातला सैनिक होय. पटकी आणि प्लेग या दोन महाभयंकर शत्रूंशी एकाच आयुष्यात झुंज घेणारे वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन हे असेच एक सैनिक होते. ते जन्माने परदेशी. परंतु त्यांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे कार्य भारतात आणि विशेषतः मुंबई नगरीत घडले.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा या शहरी झाला. आज हे शहर युक्रेन देशात आहे. त्या काळी तेथे रशियाच्या झारची सत्ता होती. हाफकिन यांचे घराणे ज्यू धर्माचे. झारच्या राज्यात ज्यू लोकांना पदोपदी अपमान सोसावा लागे. त्यांच्यासाठी शिक्षणाच्या व नोकरीच्या वाटा अरुंद होत्या, आणि कधी कधी तर जमावाच्या हल्ल्यांमुळे त्यांचे प्राणही संकटात सापडत. अशा परिस्थितीत वाढलेल्या या मुलाला विद्येची मात्र विलक्षण ओढ होती.

शालेय शिक्षण संपल्यावर १८७९ साली ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे मेचनिकॉफ नावाचे थोर प्राणिशास्त्रज्ञ अध्यापन करीत. शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना रक्तातील पांढऱ्या पेशी कशा गिळून टाकतात, हे जगाला दाखवून देणारे ते हेच मेचनिकॉफ; पुढे १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. गुरूला शिष्याची बुद्धी भावली आणि शिष्याला गुरूची सत्यनिष्ठा. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि ठिकठिकाणी ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातील एका ज्यू कुटुंबाच्या घरावर जमाव चालून आला, तेव्हा तरुण हाफकिन त्या घराच्या रक्षणास धावले. या झटापटीत ते जखमी झाले, आणि वर त्यांनाच कैद करण्यात आले. मेचनिकॉफ यांनी खटपट केली, म्हणून त्यांची सुटका झाली.

पुढे काही वर्षे त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात संशोधनाचे काम केले. विद्यापीठात प्राध्यापक होण्याची त्यांची योग्यता निर्विवाद होती. पण त्यासाठी स्वधर्माचा त्याग करून राजधर्म स्वीकारावा लागणार होता. हाफकिन यांनी ती अट मानली नाही. १८८८ साली त्यांनी मायभूमीचा निरोप घेतला आणि स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरी शरीरशास्त्राचे अध्यापन पत्करले. पुढच्याच वर्षी ते पॅरिसला गेले. जगद्विख्यात लुई पाश्चर यांची संस्था तेथे नुकतीच सुरू झाली होती आणि मेचनिकॉफही तेथेच येऊन राहिले होते. परंतु त्या संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नव्हती. होती ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. हाफकिन यांनी ती आनंदाने स्वीकारली. पोटासाठी ते ग्रंथालयात काम करीत, आणि उरलेला सर्व वेळ प्रयोगशाळेत घालवीत.

त्या वेळी पटकीने युरोप खंडात हाहाकार माजविला होता. पटकीचा जंतू कोणता, हे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी काही वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. तथापि त्याला अटकाव कसा करावा, याचे उत्तर सापडले नव्हते. हाफकिन यांनी पाश्चर यांच्या मार्गाने जायचे ठरविले. रोगाचा जंतू दुर्बळ करून शरीरात टोचला, तर शरीर त्याच्याशी लढावयास शिकते आणि पुढे खरा रोग आला असता त्याला तोंड देऊ शकते, हे ते तत्त्व होय. त्यांनी पटकीच्या जंतूंच्या दोन लसी तयार केल्या. एक सौम्य आणि दुसरी तीव्र. आधी सौम्य लस टोचावयाची आणि काही दिवसांनी तीव्र लस टोचावयाची, अशी त्यांची पद्धत होती. गिनीपिग, ससे आणि कबुतरे यांच्यावर हा प्रयोग यशस्वी झाला.

पण जनावराला मानवले, ते माणसाला मानवेलच याची खात्री कोण देणार? आणि पहिल्याने ही लस टोचून घ्यावी तरी कोणी? हाफकिन यांच्यापुढे या प्रश्नाचे एकच उत्तर होते. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. अंगात ताप भरला, टोचलेली जागा दुखू लागली. परंतु ते सुखरूप राहिले. सहा दिवसांनी त्यांनी दुसरी लसही टोचून घेतली. त्यांच्या काही रशियन मित्रांनीही त्यांचे अनुकरण केले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी आपले निष्कर्ष पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवले.

लस निरुपद्रवी आहे, एवढे सिद्ध झाले. ती गुणकारी आहे, हे सिद्ध व्हावयाचे होते. आणि ते पटकीच्या माहेरघरी गेल्यावाचून होणार नव्हते. मायदेशी जाऊन लस टोचावी अशी हाफकिन यांची इच्छा होती, पण रशियाच्या सरकारने ती मान्य केली नाही. पॅरिस येथील ब्रिटिश वकील लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. गंगेच्या मुखाकडील प्रदेशात पटकी दरसाल किती बळी घेते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या सूचनेवरून हाफकिन यांनी भारतात यावयाचे ठरविले आणि १८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्यास पोहोचले.

येथे त्यांना नव्या अडचणींशी सामना करावा लागला. लोकांना सुईचे भय वाटे. परका माणूस आपल्या अंगात काय घालतो आहे, याचा त्यांना संशय येई. सरकारी डॉक्टरांतही कित्येकांना हा वैद्यकाची पदवी नसलेला प्राणिशास्त्रज्ञ नकोसा वाटे. आणि हा मूळचा रशियन, तेव्हा हा हेर तर नसेल, अशीही कुजबुज होई. हाफकिन यांनी कोणाशीही वाद घातला नाही. जो आपण होऊन पुढे येईल त्यालाच लस टोचावयाची, कोणावरही सक्ती करावयाची नाही, हा नियम त्यांनी घालून घेतला. आग्र्यापासून आसामातील चहाच्या मळ्यांपर्यंत ते गावोगाव फिरले. सुमारे दोन वर्षांत त्यांनी ४२,००० हून अधिक लोकांना लस टोचली.

या काळातील एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८९४ साली कलकत्त्यातील एका गरीब वस्तीत पटकीची लागण झाली. कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्सन यांच्या निमंत्रणावरून हाफकिन तेथे गेले. अनेक भारतीय डॉक्टरांनी त्यांना मनःपूर्वक साहाय्य केले. वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर त्या वस्तीत पटकीचे जे रोगी आढळले, ते सर्वच्या सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. तलाव तोच, पाणी तेच, झोपड्याही त्याच. फरक होता तो केवळ लशीचा. ही वार्ता पसरताच लोक आपण होऊन लस टोचून घेण्यासाठी येऊ लागले.

मात्र या अविश्रांत भ्रमंतीने हाफकिन यांचे शरीर खचले. हिवतापाने ते जर्जर झाले आणि १८९५ साली त्यांना विश्रांतीसाठी इंग्लंडला जावे लागले. प्रकृती सावरताच ते पुन्हा भारतात परतले. आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण कसोटीची वेळ येऊन ठेपली.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात लोकांना अकस्मात जबर ताप येऊ लागला. काखेत किंवा जांघेत गाठ उठे, आणि दोन-चार दिवसांत रोगी दगावे. मांडवी ही गोदीजवळची वस्ती. तेथे धान्याची मोठमोठी कोठारे होती आणि कोठारांत उंदरांचा सुळसुळाट होता. हा रोग म्हणजे गाठीचा प्लेग होय, हे मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्रथम ओळखले. पाहता पाहता प्लेगने शहर व्यापले. आठ लाखांवर वस्तीच्या त्या नगरीतून लाखो लोक घरादारांना कुलपे लावून गावाकडे निघाले. गिरण्यांना मजूर मिळेनासे झाले. बाजार ओस पडले. स्मशानांत मात्र जागा अपुरी पडू लागली.

लवकरच हे संकट पुण्यात व इतरत्र पोहोचले. रोगाला आळा घालण्यासाठी सरकारने १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा केला. सैनिक घरांत शिरून झडत्या घेऊ लागले आणि रोग्यांना बळाने छावण्यांत नेऊ लागले. या जुलमाने लोक संतापले. रोगाइतकीच रोगनिवारणाचीही दहशत बसली. याच साथीत, प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असता, थोर समाजसेविका सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी पुण्यात देह ठेवला. सरकारचे बळ आणि व्यक्तींची निःस्वार्थ सेवा यांच्याही पलीकडे आणखी एका गोष्टीची नितांत गरज होती; ती म्हणजे या रोगाला रोखणारे ज्ञान.

१८९६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभी हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हीच त्यांची प्रयोगशाळा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्याशा सामग्रीवर त्यांनी प्लेगच्या जंतूंचा शोध आरंभिला. काम धोक्याचे होते. थोडी चूक झाली तरी मृत्यू समोरच उभा. एका साहाय्यकाची मनःस्थिती बिघडली, दुसरे काम सोडून गेले. हाफकिन मात्र अहोरात्र खपत राहिले.

लस करावयाची, तर प्रथम प्लेगचे जंतू विपुल प्रमाणात वाढवावयास हवेत. जंतू मांसाच्या रसात वाढतात. परंतु गाईचे वा डुकराचे मांस वापरले, तर येथील लोकांच्या धर्मभावना दुखावतील, हे हाफकिन यांनी जाणले आणि बोकडाच्या मांसाचा रस वापरला. या रसावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या थेंबांना धरून जंतू वाढू लागले आणि वडाच्या पारंब्यांप्रमाणे खाली लोंबू लागले. बाटली हलविली की त्या पारंब्या तळाशी जात आणि वर नव्या फुटत. अशा रीतीने जंतूंचे भरघोस पीक आल्यावर त्यांनी तो रस तापवून जंतू मारून टाकले आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले. पटकीच्या वेळी त्यांनी जिवंत जंतूंची लस वापरली होती. प्लेगची लस मेलेल्या जंतूंची होती. मेलेला जंतू रोग उत्पन्न करीत नाही, परंतु शरीराला शत्रूची ओळख करून देतो.

तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. आणि तीही पुढे इतरांना द्यावयाच्या मात्रेहून कितीतरी मोठ्या प्रमाणात. त्यांना ताप चढला, अंग दुखू लागले, तरी त्यांनी आपले काम चालूच ठेवले. त्यांच्यामागून कॉलेजातील काही डॉक्टरांनी व इतर प्रतिष्ठित नागरिकांनी लस टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी १५४ जण लस टोचून घेण्यास स्वखुशीने तयार झाले. बाकीच्यांनी नकार दिला. एकाच छपराखाली राहणारी, एकच अन्न खाणारी माणसे अशा रीतीने दोन गटांत विभागली गेली. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही बरे झाले.

या निकालाने हाफकिन यांना धीर आला. पण त्यांचे समाधान झाले नाही. लस घेणारे आणि न घेणारे यांच्यांत लशीखेरीज दुसरा कोणताही फरक नसेल, तरच तुलना न्याय्य ठरते. लस घेणारे लोक मुळातच अधिक धट्टेकट्टे किंवा अधिक टापटिपीने राहणारे असतील, तर ते लशीने वाचले की आपल्या राहणीने, हे कसे सांगावे? या शंकेचे निरसन १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यात झाले. तेथे प्लेगची साथ चालू होती. घराघरात जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण अर्ध्या माणसांना लस टोचण्यात आली आणि अर्ध्यांना तसेच ठेवण्यात आले. पुढे त्याच कुटुंबांची पुन्हा तपासणी झाली. लस न घेतलेल्या ६४ माणसांपैकी २७ जणांना प्लेग होऊन २६ जण मरण पावले होते. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जण आजारी पडले होते आणि ३ जण दगावले होते. लस हे अभेद्य कवच नव्हते. परंतु ती अनेकांचे प्राण वाचवीत होती. जेवढे यश तेवढेच सांगावयाचे आणि अपयशही तितक्याच स्पष्टपणे मांडावयाचे, हा शास्त्राचा धर्म हाफकिन यांनी पाळला.

लोकांचा विश्वास हळूहळू वाढू लागला. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांदेखत स्वतः लस टोचून घेतली आणि आपल्या हजारो अनुयायांना ती टोचून घेण्यास उद्युक्त केले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला एक बंगलाही दिला. मागणी वाढत गेली तशी ती जागाही अपुरी पडू लागली. तेव्हा परळ येथील गव्हर्नरसाहेबांचे जुने निवासस्थान या कार्यासाठी देण्यात आले. १० ऑगस्ट १८९९ रोजी तेथे प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. एका खोलीत आणि व्हरांड्यात सुरू झालेले कार्य तीन वर्षांत राजवाड्यात आले. तेथून लशीच्या बाटल्या देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊ लागल्या.

परंतु कीर्ती शिखरास पोहोचली असतानाच दैवाने घाला घातला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वजण मृत्युमुखी पडले. हे १९ जण असे होते, की ज्यांना एकाच बाटलीतील लस टोचली गेली होती. बाकीच्या बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. त्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले होते, हे उघड होते. प्रश्न एवढाच होता, की ते शिरले कोठे? मुंबईच्या प्रयोगशाळेत, की मलकोवालला बाटली उघडताना?

सरकारने चौकशी समिती नेमली. हाफकिन यांनी लशीची वाढती मागणी पुरविण्यासाठी तयार करण्याच्या पद्धतीत थोडा बदल केला होता. त्यांनी कार्बोलिक आम्ल वगळले होते आणि जंतूंचा नाश करण्यासाठी केवळ उष्णतेवर भर दिला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही रीत प्रचारात होती. परंतु समितीने तेवढ्यावरून दोष प्रयोगशाळेचा असल्याचा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्याने स्वतःच्या देहावर प्रयोग करून लक्षावधींना अभय दिले, त्याच्यावर एकोणीस निरपराध माणसांच्या मृत्यूचा ठपका आला. १९०४ साली ते भारत सोडून लंडनला गेले.

हाफकिन यांना त्या एकोणीस जणांच्या मृत्यूचे दुःख होतेच. परंतु ज्या पद्धतीवर अगणित लोकांचे प्राण अवलंबून होते तीच खोटी ठरत आहे, याची व्यथा त्यांना अधिक जाळीत होती. लशीवरील लोकांची श्रद्धा उडाली, तर पुढच्या साथीत किती माणसे मरतील याला गणती नव्हती. त्यांनी अनुग्रहाची याचना केली नाही. ज्या कसोटीवर त्यांनी आपली लस घासून पाहिली होती, त्याच पुराव्याच्या कसोटीवर हा आरोप घासून पाहावा, एवढीच त्यांची मागणी होती.

१९०६ साली चौकशीचे कागद प्रसिद्ध झाले आणि शास्त्रज्ञांनी ते बारकाईने तपासले. तेव्हा एक लहानशी, पण अत्यंत महत्त्वाची गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. मलकोवालला ती बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. आणि तो नीट जंतुरहित न करताच त्याने बाटलीचे बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात, हे शास्त्राला ठाऊक होते. शिवाय ती बाटली मुंबईत भरून कित्येक दिवस लोटले होते. धनुर्वाताचे जंतू तेव्हापासूनच तिच्यात वाढत असते, तर बाटली उघडताच तीव्र दुर्गंधी सुटावयास हवी होती. पण उघडणाऱ्या डॉक्टरांना कसलाही वास आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही पुराव्याची छाननी केली. सर्व खुणा एकाच दिशेस बोट दाखवीत होत्या. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, जमिनीवर पडलेल्या त्या चिमट्याचा होता.

हाफकिन यांच्या बाजूने ज्यांनी आवाज उठविला, त्यांत सर रोनाल्ड रॉस हे अग्रभागी होते. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो, हे भारतातच शोधून काढून त्यांनी १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळविले होते. १९०७ च्या जुलै महिन्यात लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले आणि हाफकिन यांच्यावरील आरोप निराधार असल्याचे त्यांनी जगाला सांगितले. अखेर सरकारलाही माघार घ्यावी लागली. पाच वर्षे शिरावर वागविलेला तो कलंक त्याच वर्षी धुऊन निघाला.

हाफकिन पुन्हा भारतात आले. परंतु परळच्या प्रयोगशाळेतील त्यांची जागा आता दुसऱ्याकडे गेली होती. कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना देण्यात आले. मात्र तेथे लशींचे नवे प्रयोग माणसांवर करून पाहण्याची मोकळीक त्यांना नव्हती. न्याय मिळाला, पण गेलेली वर्षे आणि गेलेला उत्साह परत मिळाला नाही. वाट्याला आलेले काम त्यांनी निष्ठेने केले आणि पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या काळात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, ते सेवानिवृत्त होऊन युरोपात परतले.

त्यांनी विवाह केला नव्हता. उत्तरायुष्य त्यांनी अत्यंत साधेपणाने, वाचनात आणि धर्मचिंतनात घालविले. तरुणपणी ज्या धर्मासाठी त्यांनी प्राध्यापकपदावर पाणी सोडले होते, त्याच धर्माच्या विद्यालयांसाठी त्यांनी आपली सारी पुंजी अर्पण केली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांच्या हयातीतच, १९२५ साली, परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोपर्यंत मुंबईतून प्लेगच्या लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पाठविल्या गेल्या होत्या. उंदरांच्या अंगावरील पिसवा प्लेग पसरवितात, हे सिद्ध करणारे संशोधनही याच वास्तूत पुढे झाले. स्वतंत्र भारताने १९६४ साली हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. परळची ती संस्था आजही संशोधनाचे कार्य करीत उभी आहे.

हाफकिन यांना स्वदेशाने दूर लोटले, परदेशाने संशयाने पाहिले आणि ज्यांची सेवा केली त्यांच्याच राज्यकर्त्यांनी त्यांना दोषी ठरविले. तरीही त्यांनी आपला मार्ग सोडला नाही. आधी स्वतःवर प्रयोग, मग स्वखुशीने येणाऱ्यांवर. आणि प्रत्येक वेळी लस घेतलेल्यांची व न घेतलेल्यांची प्रामाणिक मोजदाद, हा त्यांचा क्रम होता. एका माणसाच्या हातून पडलेल्या चिमट्याने त्यांचे जीवन उद्ध्वस्त केले. आणि त्या चिमट्याची नोंद जपून ठेवणाऱ्या कागदांनीच त्यांना निर्दोष ठरविले. सत्य कधी कधी फार उशिरा येते. पण ते यावे म्हणून कोणीतरी पाहिलेले नीट लिहून ठेवावे लागते, मोजलेले खरे सांगावे लागते आणि तोवर धीर धरावा लागतो. हा धीर ज्यांच्या अंगी असतो, त्यांच्याच श्रमांवर लक्षावधी अनोळखी माणसांचे आयुष्य सुखरूप राहते.